तलाव हिरवा झाला तेव्हा

सुखराम गेल्याला दीड महिना झाला. त्याच्या जिवंतपणी जे सांगायला हवं होतं, ते मी पंचवीस वर्षं टाळलं.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, सुखराम गावतलावात मासे धरायचा. समुद्र मी कधी पाहिला नाही, पण शिकवला खूप... डोळ्यांना न दिसणारं, पाण्यात तरंगत राहणारं शेवाळ, त्यावर जगणारे बारीक जीव, त्यांवर मासे, थेट देवमाशापर्यंत सगळा समुद्र त्याच्याच जिवावर. आपल्या श्वासातला बराच प्राणवायूही त्याचाच. एकदा तलावाचा थेंब सुखरामला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. हिरवे मणी संथ सरकत होते. तो झटकन मागे झाला. "मास्तर, हे आपल्याले पाहून रायले का जी?"

मी हसलो. समुद्रासारखं इथंही शेवाळ वाढवलं तर मासे दुप्पट पोसतील, असं मी गावाला पटवलं. गाड्या भरभरून शेण आणि युरिया तलावात टाकायला लावला. पाणी हिरवं झालं, मग रंग कालवल्यासारखं दाट. सुखराम म्हणाला, "पानी जड होऊन रायलं जी. आता पुरे करा."

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो.

पुढं तीन दिवस ऊन पडलं नाही. चौथ्या पहाटे तलावाच्या पाळीवर, बांधावर गेलो, तर तलावभर तोंडं. हजारो मासे पाण्यावर तोंड काढून उघडझाप करत होते, आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच चपचप आवाज. बगळा एकही नव्हता. उजाडता उजाडता आवाज थांबला...

ऊन नसलं की तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू शोषून घेतं. हे मला माहीत होतं. पण सुखरामनं आदल्या दिवशी, सूत टिकावं म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेलं जाळं तलावात धुतलं होतं. कुणीतरी ओरडलं, "सालीचं जहर!" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "असू शकते."

सुखरामला तलाव बंद झाला. तो चोरखमारा गावी, सासुरवाडीला गेला. तिथं धानाच्या बांधीत मजुरी केली, पण जाळं पुन्हा धरलं नाही.

तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा माफी मागायचीच, असं ठरवून गेलो. मी काही बोलायच्या आधी तोच खाटेवर उठून बसला. "मास्तर, पाप झालं माह्या हातून. इतके जीव मारलो. माफ करा जी."

आम्ही म्हटलेलं त्यालाही खरं वाटू लागलं होतं. सून चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, "जाऊ दे सुखराम. जुनी गोष्ट झाली."

त्यानं हात जोडले. चेहरा एकदम हलका झाला त्याचा. मी ते जोडलेले हात तसेच राहू दिले, चहा प्यालो आणि परत आलो.