टेप संपल्यानंतर

मी प्रोग्रामर आहे. काही विचित्र घडलं की आधी कोड तपासायचा, मग मशीन, मग स्वतःचं डोकं... भुताखेतांपर्यंत माझी गाडी कधी पोचलीच नाही. आई शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधायची तरी मी तिच्याशी वाद घालायचे. या सदरातले अनुभवही मी बरीच वर्षं फक्त करमणूक म्हणून वाचले. त्यामुळे आज हे लिहिताना जरा संकोच वाटतोय.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. भिवंडीत एका लूमच्या कारखान्याच्या वर आमचा स्टुडिओ होता – एक खोली, दोन कॉम्प्युटर, भिंतीला ठोकलेला हिरवा पडदा. हेमंत माझा कॉलेजचा मित्र, कशेळीचा. तो लग्नं शूट करत करत या धंद्यात आला होता. शूटिंग त्याचं, कॉम्प्युटर माझा. खाली लूम चालू असले की टेबलावरचा चहासुद्धा थरथरायचा. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आम्ही चक्क लाइट जायची वाट बघायचो.

आमच्याकडे एक कंपोझिटिंग सॉफ्टवेअर होतं. शूट केलेल्या दृश्यावर अक्षरं, लोगो, आग, पाऊस असं काहीही बेमालूम बसवायचं काम त्यात व्हायचं. अडचण एकच... त्यातून व्हिडिओ बाहेर काढताना आम्हाला हवा तो फॉरमॅट मिळत नव्हता. म्हणून मी स्वतःच एक एक्स्पोर्ट प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहायला घेतलं. सॉफ्टवेअरबरोबर नमुन्याचा कोड आला होता, त्यात माझी भर. कंपाइल करायला गेलं की एररची रांग लागायची. एक काढली की दुसरी. शेवटी एका दुपारी ते बिनतक्रार कंपाइल झालं. मी टाळ्या वाजवल्या आणि हेमंत म्हणाला, "चल, टेस्ट करू."

टेस्ट म्हणून त्याने स्वतःलाच शूट केलं होतं. कॅमेऱ्यासमोर बसून दोन वाक्यं बोलला, हात पुढे करून कॅमेरा बंद केला. बस. तेवढंच टेपवर होतं, तेवढंच कॉम्प्युटरमध्ये घेतलं होतं.

एक्स्पोर्ट झालेली फाइल मात्र तिथे थांबली नाही. कॅमेरा बंद केल्यावर हेमंत उठला, पँटला हात पुसले, दार उघडलं. दारात चहावाले शब्बीरचाचा.

"अगं, चाचा आले होते की नंतर!" हेमंत हसला. "कॅमेरा बंद झाला नसणार."

आम्ही टेप लावून बघितली. त्याच्या हातानंतर रिकाम्या टेपचा निळा स्क्रीन. कॉम्प्युटरमधल्या मूळ क्लिपमध्येही पुढे काही नाही. मी कोड बघितला. शेवटी एखादी फ्रेम जास्त जाणं ही नवशिक्याची चूक असते, पण मग शेवटचंच चित्र पुन्हा दिसतं किंवा नुसता कचरा. कधी शूटच न झालेलं दृश्य कुठून येणार? मी स्वतःला सांगितलं, कुठेतरी टेपवरून कॅप्चर करताना घोळ झाला असेल. आणि कामाला लागले.

काम होतं वडपेच्या एका गोडाऊनची फिल्म. हेमंतचे सख्खे मामा, दत्तूमामा, तिथे हमालांचे मुकादम होते. त्यांनीच ते मिळवून दिलं होतं. एका शॉटमध्ये आतला मोठा रॅक समोरून दिसायचा, कॅमेरा स्टँडवर स्थिर, आणि त्यावर मालकाच्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत चमकवायचं होतं. अक्षरं झकास बसली. सकाळीच एक्स्पोर्ट केलं आणि दोघं बघायला बसलो.

शॉट संपायचा तिथे संपला... आणि पुढे सुरू झाला.

तोच रॅक. पण शूटिंगच्या दिवशी अर्धा रिकामा होता, आता वरपर्यंत निळ्या पट्टीचे खोके. खाली हमाल डबे उघडून जेवायला बसलेले, मधे दत्तूमामा. हवेत आमची सोनेरी अक्षरं तशीच चमकतायत. मग रॅकचा एक खांब हळूच वाकला. एका हमालाने वर बघितलं. पुढच्या क्षणी सगळा पडदा पांढऱ्या धुळीने भरला, आणि त्या धुळीवरही ती अक्षरं!

मी झटकन व्हिडिओ बंद केला. हेमंतने मामांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मामा, मोठ्या रॅकवर निळ्या पट्टीचे खोके चढवले काय?"

"हा, आत्ताच गारी खाली केली. तुला कोनी सांगला रं?"

हेमंतने माझ्याकडे बघितलं.

"मामा, आज तथं जेवाला बसू नको. रॅक कलतोय."

"कलत-बिलत न्हाय. आमी रोज तथंच बसताव. फॅन हाय, सावली हाय. तू तुजा काम कर." फोन कट. पुन्हा लावला, उचलला नाही.

हेमंतने कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली आणि आम्ही बाइकवर बसलो. रांजनोली नाक्यावर कंटेनर अडकून पडलेले. हेमंत फुटपाथवरून, उलट्या बाजूने, शिव्या खात गाडी काढत होता. मी मागे बसून मनाला समजावत होते, की हा सगळा मूर्खपणा आहे.

पोचलो तेव्हा ते जेवायला बसलेले होते. तसेच. तोच माणूस डावीकडे, तोच डबा.

खरं सांगून कुणी ऐकणार नाही हे हेमंतला कळलं. तो दारातूनच ओरडला, "चलो चलो, सब बाहर! शूटिंग का रिटेक है, ग्रुप फोटो!"

"भैया, खाना तो खा लेने दो..."

"डब्बा लेके आओ बाहर! जल्दी, धूप चली जायेगी!"

फोटो म्हटल्यावर सगळे उठले. कुणी केस सारखे केले, कुणी शर्टाची बटणं लावली. हसत, एकमेकांना ढकलत बाहेर आले. मामा तेवढे हलले नाहीत.

"माजा फोटू कशाला? पोरांचा काढ. मना जेवू दे."

"मामा, ऊठ ना! पाया पडतो तुझ्या!"

मामांनी भाकरीचा घास तोडला आणि भाच्याच्या वेडेपणावर हसले. हेमंत त्यांना ओढायला आत निघाला आणि मी मागून त्याचा शर्ट धरला. का धरला, सांगता येत नाही. मग लोखंड कण्हल्यासारखा एक लांबलचक आवाज आला...

मामा जागीच गेले. हमाल सगळे वाचले. त्यांच्यातला एक हेमंतचे पाय धरून रडत होता, आणि हेमंतला ते सहन होत नव्हतं.

नंतर मी तोच कोड, काहीही न बदलता, पुन्हा कंपाइल केला. तीच क्लिप पुन्हा एक्स्पोर्ट केली. जिथे संपायची तिथे संपली. कितीदा करून बघितलं तरी एक फ्रेम जास्त नाही. माझ्या एका सीनियरला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मेमरीत जुनं काहीतरी उरलं असेल. पण जुनं म्हणजे आधी घडलेलं ना?

मामांचं दहावं झाल्यावर हेमंत स्टुडिओत आला. म्हणाला, "ती गोडाऊनची पहिली फाइल आहे ना अजून? आपण धुळीपाशी थांबलो होतो. पुढे बघायचंय मला."

मी नको म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

धूळ हळूहळू विरते. वाकलेलं लोखंड, फुटलेले खोके. हमाल यात उठून बाहेर गेलेच नव्हते, पण पुढचं सगळं घडलं तसंच. मग फ्रेममध्ये आम्ही दोघं येतो. हेमंत हातांनी खोके उपसतोय, कॅमेऱ्याची बॅग खांद्यावरच, चेन लावलेली. मीही उपसतेय. आणि मधेच मी मान वळवते, सरळ कॅमेऱ्याकडे बघते आणि ओरडते, "अहो, उभे राहून बघताय काय? हात लावा ना!"

हे मी खरंच ओरडले होते. धुळीत मला तिथे कुणीतरी उभं असलेलं वाटलं होतं. डोळे चोळून पुन्हा बघितलं तर मोकळी भिंत.

व्हिडिओत माझं ओरडणं संपतं आणि फ्रेम किंचित मागे सरकते. कुणीतरी एक पाऊल मागे घ्यावं तशी. तिथे फाइल संपते.

हेमंतने त्यानंतर कॅमेरा विकला. आता त्याचं कशेळीत हार्डवेअरचं दुकान आहे. मी अजून कोडच लिहिते. मेमरी, टेप, कॅप्चर – सगळ्या बाजूंनी विचार करून झालाय, उत्तर नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा. फक्त प्लगइनमधली चूक कुठली, ते नका सांगू. मला विचारायचंय ते एवढंच, की तिथे उभं कोण होतं?