बाकड्यावरची थुंकी-तपासणी

बाभुळगावात रशीद मिस्त्रीच्या गाडी दुरुस्तीच्या दुकानासमोर आमचं बाकडं आहे. तिथं किस्से शोधावे लागत नाहीत. बोरीखाली बसल्यावर बोरं आपोआप पदरात पडतात, तसंच!

*

एकदा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. म्हणाल्या, "थुंकीवरून तोंडाच्या कॅन्सरची शंका कळते. एक तास तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, मग या नळीत थुंका."

बाकड्यावरचा गुलाबराव उडालाच. "तासभर? बाई, मी झोपेतबी इतका वेळ राहत नाही!"

*

तास सरला. आता थुंका म्हटलं, तर सगळ्यांची तोंडं कोरडी! सिस्टरनी चिंचेची आठवण काढायला लावली.

गुलाबराव म्हणे, "जिंदगीभर भिंती भरल्या, अन् आज एक नळी भरून नाही राह्यली!"

*

माझी पाळी आली. बाईमाणसासमोर थुंकायचं कसं? मी सवयीनं मागं वळलो अन् लिंबाच्या बुडाशी थुंकलो. नळी हातात तशीच.

"बाबाजी, लिंबाची नाही, तुमची तपासणी आहे!"

*

गुलाबरावचा रिपोर्ट चांगला आला. सिस्टर पाहतात तर हा सगळ्यांना खर्रा वाटतोय.

"अहो, हे कायले?"

"पार्टी!"

*

रशीदच्या गालात मात्र पांढरा चट्टा होता. विचारलं की म्हणे, "चुन्यानं भाजलं." मनातून फार भ्यायलेला. "घरी थुंकतो," म्हणून नळी घेऊन गेला.

चार-आठ दिवसांनी सिस्टरचा फोन आला. "रशीदभाई, शंका आहे. पक्कं आत्ताच सांगता येत नाही, पण यवतमाळला मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

रशीद बाकड्यावर मटकन बसला. मी पाठीवर हात ठेवला.

"काका, ते थूक माझं नव्हतंच! घरटी एक नळी आहे सांगून मी बायकोकडून, शमीमकडून भरून घेतलं. ती तर सुपारीलेबी हात लावत नाही!"

मी म्हटलं, "चाल, अगोदर तिले सांग."

शमीमभाभीनं सगळं ऐकलं. पिठाच्या डब्यामागून तंबाखूच्या मिश्रीची डबी काढली अन् त्याच्यापुढं ठेवली.

"कधीपासून?" रशीदनं विचारलं.

"तुम्हाले खर्रा सोडा म्हणून भांडत होती ना, तेव्हाबी दाताले लावतच होती."

दुसऱ्या दिवशी तिघं यष्टीनं यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी बॅटरी लावली.

"पेशंट कोण?"

"मी," रशीद म्हणाला.

"मी," भाभी म्हणाली.

"अहो, थुंकी कोणाची होती?"

रशीदनं भाभीकडं बोट दाखवलं, भाभीनं रशीदच्या गालाकडं.

डॉक्टर वैतागले. "बरं, आ करा!"

दोघांनी एकदमच आ केला.