रात्रभर जळलेला हॅलोजन

काल दापोड्याच्या गोडाऊनमध्ये जुना हॅलोजन लावला. तापलेल्या धुळीचा करपट वास आला आणि कितीतरी वर्षांपूर्वीचा माझा एक वाढदिवस आठवला.

कोकणातल्या एका निर्जन किनाऱ्यावर आम्ही तंबू ठोकले होते. अंधाराची सवय नाही, म्हणून हाच हॅलोजन आणि जनरेटर गाडीत घालून नेला होता. संध्याकाळी आई औक्षण करायला लागली, पण खारा वारा निरांजन टिकू देईना. ती हिरमुसली. "ओवालतानाच दिवा इझला. आता ह्यो हॅलोजन तरी रातभर जलू दे." आम्ही तो चालूच ठेवला, समुद्राकडे तोंड करून.

सकाळी वाळूत काहीतरी जड सरपटल्याचा रुंद माग दिसला. पाण्यातून निघून तो तंबूंपाशी आला होता आणि तिथूनच वळून परत पाण्यात गेला होता.

"कासवी असेल," बायको हळूच म्हणाली. "अंडी घालायला आलेली. उजेडाला बुजली."

आई त्या मागाशेजारी मटकन बसली. "म्हंजे बालंतपनाला म्हायेरी आली, आन् आपन तिला दारातून परत धाडली?"

मला तिच्याकडे बघवेना. उठून हॅलोजन बंद करायला गेलो, तर लख्ख उन्हात तो जळतोय हे कळतसुद्धा नव्हतं.