न खेळलेल्याचा भोपळा

"हा भोपळा कुणी टाकला?" मी हेडसेटवर विचारलं.

दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलचा बँक्वेट हॉल. दुपारची रिहर्सल चालू होती. समोर भिंतभर एलईडी स्क्रीन आणि तिच्यावर दोन खेळाडू. उजवीकडे एक तरणाबांड, रंगीत फोटोत हसणारा. डावीकडे साठच्या दशकातला एक मुलगा, कृष्णधवल, कान जरा मोठे. दोघांखाली आकडे. डावीकडच्याच्या नावाखाली दोन ठिकाणी ठसठशीत शून्य. ती शून्यं मी टाकलेली नव्हती. माझ्या फाइलमध्ये त्या दोन जागी शब्द होते.

माझं काम स्टॅट्स प्रोड्यूसरचं. म्हणजे स्क्रीनवर जो आकडा येतो तो खरा आहे ना हे बघायचं आणि तो बरोबर वेळेला झळकवायचा. कुठली गोष्ट कशानंतर येणार ते एका कागदावर ठरलेलं असतं, त्याला रन ऑर्डर म्हणतात. मी मूळची वसईची. कॉलेजात असताना मांडवाखाली बसून क्रिकेटच्या सामन्यांचं स्कोअरिंग करायचे, पुढे टीव्हीवर तेच काम केलं आणि शारजात येऊन राहिले तरी तेच करते. अमेरिकन फुटबॉल मात्र मला वयाच्या पन्नाशीला शिकावा लागला, कारण कंपनीने हे काम घेतलं.

काम असं होतं. अमेरिकेतल्या एका कॉलेजचे इथे राहणारे माजी विद्यार्थी वर्षातून एकदा मोठं जेवण करतात. यंदा त्यांनी एक टूम काढली होती. कॉलेजचा सर्वांत मोठा वाइड रिसीव्हर कोण, जुना की नवा? जमलेल्यांनी फोनवरून मत द्यायचं. वाइड रिसीव्हर म्हणजे घोळक्यापासून लांब बाजूला उभा राहणारा, सुसाट धावत जाणारा आणि मागून लांब फेकलेला चेंडू झेलणारा गडी. नव्याचं नाव टायलर. गेल्या काही वर्षांतला स्टार. त्याला खास विमानाने बोलावलं होतं, कारण त्याच्या नावाने दुबईत मुलांची अकादमी निघणार होती. जुन्याचं नाव वेल्डन. त्याला बोलवायला विमान लागणार नव्हतं. तो शारजातच राहतो. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेला माणूस.

आता पणाला काय लागलं होतं ते सांगते. मिस्टर वेल्डन आणि त्यांच्या बायकोने शारजातल्या मुलांसाठी एक छोटी स्पर्धा सुरू केली होती. धक्काबुक्की नसलेला, कमरेच्या पट्ट्या ओढायचा फुटबॉल. वर्षानुवर्षं ती 'वेल्डन कप' म्हणून चालते. त्या संध्याकाळी जो जिंकेल त्याचं नाव आता स्पर्धेला द्यायचं, असं माजी विद्यार्थ्यांच्या कमिटीने ठरवलं होतं. म्हणजे ज्याने झाड लावलं त्यानेच त्याच्या सावलीसाठी निवडणूक लढवायची.

सकाळी निघताना मी हे घरी सांगितलं. माझी मुलगी वेल्डन शिकवायचे त्याच शाळेत शिकलेली.

"कोच वेल्डन? मम्मा, ही इज अ लेजंड," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "प्लीज डोन्ट फाइट विथ एनीवन टुडे."

मी म्हटलं, बघू.

दोन वेगळ्या काळांतले खेळाडू शेजारी उभे करायचे तर नुसत्या बेरजा चालत नाहीत. वेल्डनच्या काळी संघ चेंडू हातात धरून पळायचे, हवेतून फेकायचे कमी. सामनेही कमी. शिवाय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या मुख्य संघातून खेळायला तेव्हा नियमानेच बंदी होती. आणि सीझननंतर जो मोठा सामना असतो, ज्याला तिकडे बोल गेम म्हणतात, त्यातली कामगिरी अधिकृत आकड्यांत धरतच नसत. टायलरला पहिलं वर्षही मिळालं आणि त्याचा मोठा सामनाही मोजला गेला. म्हणून मी दुसरा हिशोब लावला होता. संघाने हवेतून जेवढी मजल मारली, तिच्यात या एका माणसाचा वाटा किती? त्या मापाने दोघांचे बार जवळजवळ सारखे येत होते. वेल्डनचा जरा वर. आणि ज्या दोन जागा रिकाम्या होत्या तिथे मी लिहिलं होतं, 'खेळण्यास बंदी' आणि 'मोजलं जात नसे'.

आता स्क्रीनवरून माझा तक्ता गेला होता. नुसत्या बेरजा आल्या होत्या. आणि शब्दांच्या जागी शून्य. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी स्क्रीन चालवायचं कन्सोल सोडून स्टेजपाशी गेले. तिथे आमचे बॉस सबनीस सर क्लायंटच्या केविनबरोबर उभे होते. केविन म्हणजे कमिटीचा सेक्रेटरी आणि अकादमीत भागीदार.

"सर, ही शून्यं कुणी टाकली?"

"मी सांगितलं टाकायला," सबनीस सर म्हणाले. "शब्द मावत नव्हते. अर्धवट दिसत होतं."

"सर, तुम्ही क्रिकेट बघता. अकराव्या नंबरचा माणूस बॅटिंगला आलाच नाही तर त्याच्यापुढे भोपळा काढाल का?"

"तो विषय वेगळा आहे."

"तोच विषय आहे. याला खेळू दिलं नव्हतं. तुम्ही लिहिलंय की तो खेळला आणि त्याला काही जमलं नाही."

केविन हसत मध्ये पडला. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत सांगते.

"सेलिन, कुणी आकडे वाचत नाही. लोक फक्त कुठला बार उंच आहे ते बघतात."

"मग उंची तरी खरी दाखवा. माझा पहिला तक्ता लावा."

"तो समजायला कठीण आहे."

"माझ्या मुलीला एका वाक्यात समजला."

त्याचं हसू गेलं. "आज रात्री जे व्हायला हवं ते सगळ्यांना माहीत आहे. पाहुणा एवढ्या लांबून आलाय."

म्हणजे ठरलेलंच होतं. मतदान नावाला. मला तिथल्या तिथे हेडसेट आपटून घरी, शारजातल्या रोल्लाला जाणारी बस धरावीशी वाटली. एवढी चीड मला क्वचितच येते, म्हणजे आठवड्यातून दोनदा.

आणि तेव्हाच मागून आवाज आला. "शून्य? कोण म्हणतं शून्य?"

वेल्डन नवरा-बायको लवकर आले होते. शिक्षक माणसं, लवकरच येणार. मिसेस वेल्डन भिंतीकडे बोट दाखवत होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई, पण आवाज मैदानभर जाईल असा.

"मी त्या मोठ्या सामन्याला स्टँडमध्ये बसले होते. शेवटचा झेल याने घेतला म्हणून आपण जिंकलो. घरी जाईपर्यंत माझा घसा बसला होता. शून्य?"

"रूथ, जाऊ दे," वेल्डन हळूच म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "सॉरी हं. तुमचं काम चालू आहे." ज्याचा अपमान झाला तोच माफी मागत होता. मला आणखी संताप आला.

केविनने त्यांना ज्यूस प्यायला बाहेर नेलं. सबनीस सरांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ, डोकं शांत ठेव. शून्य काढू. पण शब्द नकोत. तिथे एक डॅश टाक. त्याचंही राहील, तुझंही राहील."

"डॅशने काय कळणार? सर, त्याला बंदी होती. बंदी!"

"कळलं गं. सगळा हॉल ऐकतोय. डॅश टाक. यल्ला, वेळ नाही."

मी डॅश टाकला. तेवढं तरी मिळालं म्हणून टाकला. आजही त्या डॅशचा मला राग येतो.

संध्याकाळी हॉल भरला. स्टेजवर एका टेबलावर कप ठेवला होता. वेल्डन दांपत्याने रोल्लाच्या दुकानातून पहिल्या वर्षी विकत आणलेला, एक कान जरा वाकलेला. दर वर्षी जिंकणारा संघ फोटो काढतो आणि कप परत वेल्डनांच्या घरी जातो. निवेदक उत्साही होता, जरा जास्तच. दोघांना खुर्च्यांवर बसवलं. मी बटण दाबलं आणि तो बेरजांचा, डॅशवाला तक्ता आला.

निवेदक भिंतीकडे बघून वाचायला लागला. टायलरचे आकडे वाचले, टाळ्या झाल्या. मग वेल्डनचे.

"पहिलं वर्ष..." तो थबकला. "अरे, काहीच नाही! आणि मोठा सामना... इथेही काहीच नाही! कोच, सुट्टीवर होता का?"

हॉल हसला. मनमोकळं हसला. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही. वेल्डनही हसले, पण त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट होते. पहिल्या रांगेत मिसेस वेल्डन उभ्या राहिल्या. "त्याला खेळायला बंदी होती!" त्या ओरडल्या. पण त्यांच्यापुढे माइक नव्हता. लोकांना वाटलं हाही गमतीचाच भाग आहे. पुन्हा हसले.

कन्सोलवर मजकूर चालू कार्यक्रमात बदलता येतो. नाव चुकलं तर दुरुस्त करायला ती सोय असते. मी डॅशवर गेले आणि टाइप करायला लागले.

"सेलिन, काय करतेस?" शेजारून सबनीस सर.

"काम."

"हे रन ऑर्डरमध्ये नाहीये."

"नाहीये."

मी बटण दाबलं. भिंतीवर माणसाच्या उंचीची अक्षरं आली. 'नियमाने खेळण्यास बंदी.' खाली, 'या सामन्याचे आकडे तेव्हा मोजत नसत.' इंग्रजीत, अर्थात. हसू आधी पुढच्या रांगांतलं थांबलं, मग मागच्या. निवेदकाने ते मोठ्याने वाचलं, कारण भिंतीवर येईल ते वाचायची त्याला सवय. टायलरने मान वर करून वाचलं आणि म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं, सर." बिचारा खरं बोलत होता. त्याला कुणी सांगितलंच नसेल.

मला वाटलं, आता तरी लोक नीट मत देतील. कसलं काय. मतदान झालं आणि टायलर सहज जिंकला. हॉलमधल्या बहुतेकांनी त्याला टीव्हीवर खेळताना पाहिलं होतं, वेल्डनना कुणीच नाही. सोनेरी कागद उडवणारं विजयाचं अ‍ॅनिमेशन मीच सोडलं. ते रन ऑर्डरमध्ये होतं.

केविनने फोटोसाठी कप उचलायला हात पुढे केला. तोवर मिसेस वेल्डन स्टेजवर पोचल्या होत्या. त्यांनी कप उचलून छातीशी धरला. निवेदकाचा माइक जवळच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"नाव तुम्ही ठेवा. कप आमचा आहे. हा आम्ही आमच्या पैशाने घेतलाय."

आणि त्या निघाल्या. टेबलांमधून, कप कडेवर घेतल्यासारखा धरून. मागून वेल्डन बायकोची पर्स सांभाळत, वाटेतल्या प्रत्येकाला सॉरी म्हणत. भिंतीवर सोनेरी कागद उडत होते आणि खाली रिकामं टेबल. केविन माझ्याकडे बघत होता. मीही बघितलं, नजर हटवली नाही.

पुढे काय झालं? टायलर कप आणि वेल्डन कप अशा आता दोन स्पर्धा आहेत. पहिलीला नवा चकचकीत कप आहे. दुसरीला, माझी मुलगी सांगते, मुलं जास्त असतात. वेल्डन अजून मैदानावर उभे राहून शिट्टी वाजवतात.

सोमवारी सबनीस सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"केविन आपल्याला पुन्हा काम देणार नाही."

"नको देऊ दे."

"तुला वॉर्निंग लेटर द्यावं लागेल. चालू कार्यक्रमात विचारल्याशिवाय मजकूर बदललास."

"द्या."

ते पेन घेऊन बसले. लिहिलं काही नाही. मग म्हणाले, "एक सांग. त्याला खरंच खेळायला बंदी होती? म्हणजे नियमाने?"

"सर, रिहर्सलला मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तोंडावर सांगितलं. तुम्ही 'कळलं' म्हणालात."

"हो, पण तू चिडली होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, नेहमीसारखी चिडली आहेस."

लेटर मिळालं. फाइलला लावलंय. त्या दिवसापासून मी कामाचा क्रम बदलला. बाईमाणूस तावातावाने बोलायला लागलं की समोरचा आवाज ऐकतो, त्यातली माहिती ऐकत नाही. म्हणून आता मी आधी ईमेल करते, पोचल्याचं उत्तर मागवून घेते आणि मगच चिडते.