दोराचा तिसरा वेढा

“मी माती नंतर ऐकतो, आधी दोर ऐकतो,” असं तो एकदा म्हणाला होता, आणि भाऊजींना हसता हसता ठसका लागला होता. तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं मातीवैद्य.

काम सांगायला सोपं. जमिनीत भोक पाडायचं, त्यात पोकळ नळी उभी करायची, दोराने उचललेला हातोडा तिच्यावर सोडायचा. नळी फूटभर रुतायला जितके जास्त घाव, तितकी चिकणमाती घट्ट. घावांवरून ती किती भार पेलेल, ते तो काढी. प्रत्येक भोकाजवळ तो स्वतः उभा राहायचा. नेमका ताईच्या घराच्या वेळी तापाने आडवा झाला. घाव कागदावर आले, भरपूर आले. त्याने सही केली.

आता पायाचे खड्डे तयार होते. उद्या सकाळी त्यांत काँक्रीट पडायचं होतं.

“हा बघा तुमचा हातोडा,” ताईच्या भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात भाऊजींनी फोन पुढे केला. “तुम्ही पांघरुणात, आम्ही उन्हात!”

हातोडा वर गेला, खाली आला. आवाज दबका, तोंडावर हात ठेवल्यासारखा.

“परत लावा.”

“आवडलेलं दिसतंय!”

हातोडा उचलणाऱ्या फिरत्या ड्रमवर दोराचे दोनच वेढे हवेत. इथे तीन होते. तिसऱ्या वेढ्याने दोर ड्रमला धरून राहतो. हातोडा पडत नाही, नुसता उतरतो. घाव वाढतात आणि मऊ माती कागदावर कडक होते. लबाडी कुणाचीच नव्हती. दोर हातातून सुटेल, अशी कामगाराला धास्ती वाटली असेल.

फरक थोडासाच असेल, त्याने स्वतःला समजावलं.

“ताई, खड्ड्याच्या तळाची माती कशी निघाली गं?”

“झकास! ओट्यामागचं उंदराचं बीळ तिनेच बुजवलं. पाणीसुद्धा लागलं नाही, लोणी नुसतं.”

“आता उंदरांनाही मातीवैद्यांची सही लागणार,” भाऊजी म्हणाले.

उरलेला गोळा ओट्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. त्याने अंगठा टेकवला. कागदावर सही केली होती तशा कडक मातीवर फार तर नखाची खूण उठली असती. अंगठा मुळापर्यंत आत गेला.

ताई नव्या खोलीत पलंग कुठे ठेवणार ते सांगत होती. त्याला तिच्या उशाशी, अजून न बांधलेल्या भिंतीत, तडा दिसत होता.

“पहिलं घमेलं तुमच्या हातानं हं,” भाऊजी म्हणाले. “काँक्रीटची गाडी उजाडताच येईल.”

“चेहरा का उतरला रे? ताप आहे का परत?” ताईने त्याच्या कपाळाला हात लावला.

खुंटीवर नव्या जागेच्या फाटकाची किल्ली होती, एकुलती एक. मातीने भरलेल्या हाताने त्याने ती काढली, खिशात टाकली, चपला सरकवल्या आणि तो बाहेर पडला.