साऱ्या जगाला दिलं तर माफी

माझा मित्र हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंडरीच्या बाजारात पडद्यांचं कापड बघत होतो. शुभांगी वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." दुकानदार पुढचा गठ्ठा उलगडतच होता. आता महिना होत आला. रडून झालंय, थकवा तेवढा जात नाही.

चौबे कॉलनीतल्या त्याच्या घरी, वरच्या खोलीत, आम्ही दोघांनी कंपनी काढली होती. काम एकच, दवाखान्यांतली रुग्णांची माहिती परक्याला वाचता येऊ नये म्हणून ती कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर. कोड त्याचा, तो तपासणं आणि गिऱ्हाईक शोधणं माझं. मोठ्या मिनतवारीने केनियातला एक दवाखाना मिळाला आणि तिथेच माशी शिंकली. असलं सॉफ्टवेअर देशाबाहेर विकायला सरकारी परवाना हवा. कोण वापरणार, कशासाठी, आणखी कुणाला देणार... उत्तरं देता देता उन्हाळा सरला. दवाखाना आणखी थांबायला तयार नव्हता. अशात आमचा सल्लागार सहज बोलून गेला, की कोड सगळ्यांसाठी फुकट खुला केला तर परवाना लागत नाही. हेमंतचा चेहरा उजळला.

"एकट्याले दिलं तं परवाना, साऱ्या जगाले दिलं तं माफी! मग देऊन टाकू ना बे."

"अन् आपण काय खाऊन राहायचं?"

"त्यांचे पेशंट थांबून राहिले, यार. तू काहून टेन्शन घेऊन राहिला?"

दिलं त्याने. दवाखान्याने ते घेतलं, आभार मानले, आणि आमची कंपनी बसली. मी पुन्हा नोकरी धरली. दानशूर म्हणून त्याला चिडवायचो, पण चीड खरी होती आणि ती अजून आहे. तो मात्र शेवटपर्यंत रोज सकाळी कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांच्या त्या सॉफ्टवेअरमधल्या अडचणी सोडवत बसायचा, तेही फुकटात.

परवा वहिनींनी त्या वरच्या खोलीत बोलावलं. हेमंतच्या संगणकावर त्या माणसांचे प्रश्न साचले होते.

"भाऊजी, हे बंद करून देऊ का? उत्तर द्यायले तं आता कोणी नाही."

मी हव, करा बंद, म्हणणारच होतो. हेमंत बुटका, त्यामुळे खुर्ची त्याने पार खाली करून ठेवलेली. बसलो तर माझे गुडघे टेबलाला लागले. ती वर करायला हात खाली गेला... तसाच मागे घेतला.

"चहा टाका वहिनी," म्हटलं, आणि पहिला प्रश्न उघडला.