तीसच्या वरचे आंबे

“हिच्या गणितात तीसच्या वर आंबे पिकतच नाहीत,” बाई शिपाईमामांना सांगत होत्या. शिक्षकखोलीच्या दाराबाहेर मी तशीच उभी राहिले. “मागच्या आठवड्यात पेरू होते. तेही अठ्ठावीसवर थांबले!”

शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांना जास्त छळणारी अशी दुसरी बाई अख्ख्या पनवेलात सापडायची नाही. बी.एड.च्या सराव पाठांसाठी आम्हाला ज्या सेमी-इंग्लिश शाळेत पाठवलं होतं, तिथल्या त्या मार्गदर्शक. पाठ बघायला खुर्चीवर न बसता त्या शेवटच्या बाकावर, मुलांच्यात बसायच्या आणि विद्यार्थीच व्हायच्या. आमच्यापैकी कुणी “समजलं का?” विचारलं की सगळा वर्ग “हो” म्हणे, आणि मागून एकच आवाज येई, “नाय समजला, बाय!” एका बिचाऱ्याला त्यांनी अपूर्णांक तास संपेपर्यंत पुन्हा पुन्हा शिकवायला लावले. घंटा झाल्यावर म्हणाल्या, “मला पहिल्यांदाच समजलं होतं हो. खिडकीजवळच्या त्या दोघी राहिल्या होत्या.”

बाईंना भाषा बदलायला श्वासही घ्यावा लागत नसे. कोळणीशी तिच्या बोलीत भांडायच्या, रिक्षावाल्याशी उर्दू पेरलेल्या हिंदीत, मुख्याध्यापकांशी छापील मराठीत. घरी इंग्रजी मात्र फक्त मांजरासाठी राखून ठेवलेलं. “मराठीत ‘ऊठ’ म्हटलं की त्याला अपमान वाटतो,” असं त्यांचं म्हणणं.

अशा बाईंच्या नजरेतून माझे आंबे कसे सुटणार? मी शिकले इंग्रजी माध्यमात. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण आकडे इंग्रजीत. आईने भाजीचा भाव मराठीत सांगितला तर मी नुसती मान डोलावते. मराठी आकडे मला तीसपर्यंतच येत. त्या सरावाच्या शाळेत पुस्तक इंग्रजीत, मुलं आसपासच्या गावांतली, आणि दोघांच्या मधे मी. म्हणून मी सगळी गणितं तीसच्या आत बसवत असे. कुणाला कळणार नाही, अशी माझी समजूत होती.

बाई आता निवृत्त होऊन शिरढोणला राहतात. मी फोन केला की आधी मांजराची तब्येत सांगतात. माझ्या वर्गातला शेवटचा बाक मुलांनी भरलेला असतो, तरी पाठ संपताना माझी नजर तिथे जाते. “नाय” म्हणणारं कुणी नसलं की शिकवल्यासारखंच वाटत नाही.

बी.एड.च्या माझ्या अंतिम पाठाला त्या दिवशी पुढे दोन परीक्षक बसले होते. त्यांनी पास केलं तरच मी शिक्षिका होणार होते. आंबे मोजून आणले होते. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच शेवटच्या बाकावरून बाईंचा हात वर आला.

“बाय, एका टोपलीत तेवीस चिंबोऱ्या. टोपल्या तीन. तर किती?”

आंब्यांच्या जागी खेकडे आलेले ऐकून वर्ग खिदळला. मी फळ्यावर गुणाकार केला. “सिक्स्टी-नाइन.”

“म्हंजे किती?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

मी फळ्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“त्यो दिसतंय आमाला. तोंडानी बोला ना, बाय.”

एका परीक्षकांनी पेन उचललं. मी बाईंकडे पाहिलं. एरवी पडल्या शब्दाला उत्तर देणाऱ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आता मुलांसमोर इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलून सुटता आलं असतं. ते मला चांगलं जमतं. ती मुलगी मात्र वाट बघत होती.

“मला हे मराठीत म्हणता येत नाही,” मी म्हणाले. “तुम्ही सांगा. मी तुमच्यामागून म्हणते.”